पाटाखालचे अर्थशास्त्र

१९४८ साली पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने एक अहवाल छापला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे त्या मुलखाच्या पदरात प्रत्यक्ष काय पडले आणि अप्रत्यक्ष काय पडले, याची ती पाहणी होती. लेखक होते संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. त्याच वर्षी चिलीतल्या सांतियागो शहरात संयुक्त राष्ट्रांचा लॅटिन अमेरिकेसाठीचा आर्थिक आयोग स्थापन झाला. पुढच्या वर्षी राउल प्रेबिश या अर्जेंटिनाच्या अर्थतज्ज्ञाने तिथून मांडले की कच्चा माल विकणारे देश आणि पक्का माल विकणारे देश यांच्यातला व्यवहार बरोबरीचा नसतो. काळ जाईल तसा कच्चा माल विकणारा अधिकाधिक नाडला जातो. तारखांच्या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये. पण महायुद्धोत्तर विकासविचाराचा इतिहास लिहिणारे सांतियागोला थांबतात, सेंट लुशियात जन्मलेल्या आर्थर लुईस यांच्या १९५४ च्या निबंधापाशी थांबतात, केंब्रिजला जातात, दिल्लीच्या योजना आयोगात डोकावतात. कोपरगाव-राहुरीच्या पाटावर मात्र कोणी उतरत नाही.

या संग्रहातले लेख त्या पाटावर उतरतात. जुन्या कागदांत अहमदनगर, आता अहिल्यानगर आणि बोलण्यात कायम नगर असलेला हा जिल्हा विकासाच्या सिद्धान्ताचे ‘उदाहरण’ म्हणून पुष्कळदा वापरला गेला आहे. इथल्या साखर कारखान्यांवर देशी-परदेशी अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. माझे म्हणणे त्याहून थोडे वेगळे आहे. जगाच्या बाजाराचा फटका गावाच्या शिवेपर्यंत येतो तेव्हा त्याला तोंड द्यायला कोणती संस्था हवी, आणि पाण्यातून निर्माण होणारा वाढावा शेवटी कोणाच्या हाती राहतो, हे प्रश्न इथे नुसते तपासले गेले नाहीत. त्यांची एक मांडणीच इथे घडली. ती पुढे रिझर्व्ह बँकेच्या अहवालांत, चौथ्या पंचवार्षिक योजनेत आणि देशाच्या दारिद्र्यरेषेत उतरली. आणि तिच्यातली उणीवही इथल्याच जमिनीवर आधी दिसली.

सुरुवात कालव्यापासून करता येत नाही. ती कर्जापासून करावी लागते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला, आणि ते लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या नगरच्या तालुक्यांत पसरले. खतपत्रे शोधून जाळली गेली. शाळेत हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शिकवले जाते आणि तिथेच सोडून दिले जाते. पण या दंग्यांच्या मागे अमेरिकेतले यादवी युद्ध होते. १८६१ नंतर अमेरिकेचा कापूस इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, इथल्या कापसाचे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ ला युद्ध संपले, भाव कोसळले, आणि सरकारने त्याच सुमारास शेतसाऱ्याची फेरआकारणी करून तो वाढवला. मँचेस्टरच्या गिरणीत काय चालले आहे याचा पत्ता नसलेल्या माणसाच्या घरावर जप्ती आली. पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यात न्यायालयांनी कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशोब तपासावा अशी तरतूद होती.

महादेव गोविंद रानड्यांनी या प्रश्नाचा दोन दशके पाठपुरावा केला. १८९२ साली डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी म्हटले की इंग्लंडमध्ये तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम देशकाल न पाहता हिंदुस्थानला लावता येणार नाहीत. जर्मन अर्थतज्ज्ञ लिस्टचा आधार त्यांनी घेतला, तो याच कारणासाठी. पुण्याच्या अर्थविचाराला इथून जी सवय लागली, ती पुढे ऐंशी वर्षे टिकली : सिद्धान्त वाचायचा, पण त्याच्या आधी तालुक्याचे दप्तर उघडायचे. हॅरल्ड मान हे सरकारी शेतीखात्यातले इंग्रज शास्त्रज्ञ. त्यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची घरोघर पाहणी छापली, तीही याच वातावरणात.

गाडगीळ नाशिकला १९०१ मध्ये जन्मले, केंब्रिजला शिकले, आणि भारताच्या अलीकडच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ साली बाहेर आला तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे होते. १९३० मध्ये रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून गोखले संस्था उभी राहिली आणि ते तिचे संचालक झाले, ते १९६६ पर्यंत. या छत्तीस वर्षांत संस्थेने काय केले, याचे एका वाक्यात उत्तर द्यायचे तर : मोजले. वाई तालुक्यातली शेती मोजली, पुणे शहरातली कुटुंबे मोजली, बाजार मोजले. आणि नगरचे कालवे मोजले.

कालव्यांची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. नांदूर मधमेश्वरहून निघणारे गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले गेले; दारणा धरण १९१६ चे; प्रवरेवरचे भंडारदरा १९२६ मध्ये पुरे झाले. सरकारी भाषेत ही ‘संरक्षक’ कामे होती. दुष्काळात माणसे आणि जनावरे वाचावीत, दुष्काळी कामांवरचा खर्च टळावा, एवढाच हेतू. पंजाबातल्या कालव्यांसारखी ती पाणीपट्टीतून भांडवल फेडत नव्हती. त्यामुळे मुंबई सरकारच्या वहीत दख्खनचे कालवे कायम तोट्यात दिसत. तोटा कमी करायचा तर पाणीपट्टी भरपूर देणारे पीक हवे, म्हणजे ऊस. आणि ऊस वाढू दिला तर पाणी थोड्यांच्या शेतात मुरणार. अभियंते विश्वेश्वरय्यांनी यावर ब्लॉक पद्धत काढली होती. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकी हंगामी पिके, आणि ब्लॉक अनेक गावांत विखुरलेले. म्हणजे उसाला पाणी किती, हा वाद साखर कारखाने येण्याच्या आधीचा आहे. आजच्या चर्चांमध्ये हे बहुतेक विसरले जाते.

गाडगिळांच्या पाहणीने वहीच बदलली. पाणीपट्टी किती आली हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि पाटाखालच्या गावांत व पाटाबाहेरच्या गावांत फरक काय पडला, हे विचारले. उत्पन्न किती वाढले, मजुरी किती मिळाली, बाजारपेठेत उलाढाल किती झाली, आणि पाणी न मिळालेल्या शेजारच्या गावांनाही काम आणि चारा यांच्या रूपाने काय पोचले. दौंड-मनमाड रेल्वेवरचे बेलापूर रोड हे स्टेशन बघता बघता श्रीरामपूर नावाची पेठ झाले होते. त्या पेठेची भरभराट पाटबंधारे खात्याच्या कुठल्या रकान्यात लिहायची? सरकारने पैसा गुंतवला तर परतावा सरकारी तिजोरीतच शोधायचा, की समाजाच्या एकूण उत्पन्नात? आज या विचारपद्धतीला सामाजिक लाभ-खर्च विश्लेषण म्हणतात. त्याची जगभर वापरली गेलेली मार्गदर्शक पुस्तके, एक लिटल आणि मिरलीज यांचे, दुसरे दासगुप्ता, मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन यांचे, १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७२ मध्ये आली. नगरची पाहणी त्यांच्या वीस वर्षे आधीची. तिची गणिते त्यांच्याइतकी बारकाईची नव्हती, हे खरे. पण स्वतंत्र भारतात मोठी धरणे बांधायचे ठरले तेव्हा हाताशी पद्धत होती ती हीच. गोखले संस्थेच्याच सोवनी आणि नीळकंठ रथ यांनी १९६० मध्ये ओरिसातल्या हिराकूद धरणाचे अर्थकारण तपासले, त्याची मुळे प्रवरेच्या काठावर आहेत.

आता पाटावरच्या माणसांकडे. १९३० च्या मंदीत गुळाचे भाव पडले आणि कालव्याखालचा बागायतदार कर्जात बुडाला. त्याच सुमारास जाव्याच्या साखरेपासून देशी उद्योगाला वाचवण्यासाठी १९३२ चा संरक्षण कायदा झाला. देशात तीसेक कारखाने होते, ते पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. नगर जिल्ह्यात हरेगावची बेलापूर कंपनी आधीपासून होती. टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी अशी नावे नकाशावर उमटली. ऊस पिकवायला कंपन्यांना सलग जमीन हवी होती आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला रोकड. जमिनी वर्षानुवर्षांच्या खंडाने कंपन्यांकडे गेल्या. ज्याचे पाणी, ज्याची जमीन, तो कित्येकदा कंपनीच्या मळ्यावर मजूर. म्हणजे जकातीच्या भिंतीआड देशी भांडवल वाढले, पण गावाच्या हाती काय आले? प्रेबिश ज्या संरक्षणाची शिफारस पुढे देशांसाठी करणार होता, त्याचा आतला हिशोब नगरमध्ये आधीच मांडून झाला होता : देश वाचतो, म्हणून प्रदेश वाचतोच असे नाही.

१९४५ च्या डिसेंबरमध्ये बेलापूर रोडला दख्खनच्या कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ. त्याच वर्षी शेतीकर्जावरच्या सरकारी उपसमितीचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे कर्जाचा प्रश्न त्यांच्या हातातच होता. परिषदेत त्यांनी मांडलेला विचार असा : ऊस पिकवणाऱ्याने ऊस विकून मोकळे होऊ नये, साखर त्यानेच करावी. कारखाना शेतकऱ्यांचा असावा. हे ऐकून कामाला लागलेले गृहस्थ लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शिक्षण जेमतेम, पण १९२३ पासून गावात पतपेढी चालवण्याचा अनुभव. त्यांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले. लोकांना विश्वास वाटावा म्हणून काय काय करावे लागले, याच्या आठवणी लोणी परिसरात अजून सांगतात. त्यातल्या कितीशा पारखून घेतलेल्या आहेत हा वेगळा प्रश्न, म्हणून त्या इथे देत नाही. मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी होते. सरकारने भागभांडवल घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, विखे उपाध्यक्ष.

‘आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना’ हे बिरुद आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते खरेच वाटते. तसे ते नाही. आंध्रात एटिकोप्पाका येथे १९३३ साली सहकारी साखर कारखाना निघाला होता. आपल्याकडेही सासवडच्या माळी बागायतदारांनी तिसाच्या दशकात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला होता, पण तो संयुक्त भांडवली कंपनीच्या रूपात. प्रवरेचे महत्त्व पहिलेपणात नाही. ते तिच्या रचनेत आहे. मत भागांवर नाही, माणशी एक. भाग उसाशी बांधलेला, म्हणजे केवळ पैसा गुंतवणारा मालक होऊ शकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, नफा लाभांशात वाटायचा नाही. हंगाम संपल्यावर साखरेचा हिशोब होऊन तो उसाच्या भावातूनच सभासदाला द्यायचा. खासगी कारखान्यात उसाचा भाव हा खर्च असतो आणि तो कमीत कमी ठेवायचा असतो. इथे तोच भाव म्हणजे कारखान्याच्या यशाची मोजपट्टी. ऊसबिलातून सोसायटीचे पीककर्ज परस्पर कापून घेता येते, त्यामुळे सावकाराला न जमलेली किंवा नको असलेली गोष्ट जिल्हा बँकेला जमली : कर्ज देऊन ते परत मिळवणे. १८७५ च्या दंग्यांना लागू पडणारे उत्तर म्हणून हे वाचावे.

लहान शेतकऱ्याला मोठ्या बागायतदाराने गिळले कसे नाही, हा प्रश्न बाहेरून आलेल्यांनी नेहमी विचारला. डोनाल्ड ॲटवुड या मानववंशशास्त्रज्ञाने पुणे जिल्ह्यातल्या माळेगाव परिसराच्या अभ्यासातून दिलेले उत्तर मला पटते : यंत्रे पूर्ण ताकदीने चालवायची तर सगळ्यांचा ऊस लागतो, मोठ्याचा एकट्याचा पुरत नाही, म्हणून भाव ठरवताना दोघांचे हित एकत्र येते. बी. एस. बाविस्करांनी कोपरगावच्या कारखान्यावर १९८० मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात कारखाना आणि राजकारण यांची गुंफण इतकी तपशिलात आली आहे की त्यानंतरच्या बहुतेक पत्रकारितेत तिचीच उजळणी आहे. राहुरी, संगमनेर, कोळपेवाडी, भेंडे, सोनई, श्रीगोंदा, अकोले असे कारखाने निघत गेले तसतशी जिल्ह्याची आमदारकी-खासदारकी त्यांच्याभोवती फिरू लागली. त्यावर बोलायला इतर व्यासपीठे पुष्कळ आहेत.

आपल्या विषयाला हवी ती दुसरी गोष्ट : हा अनुभव वर कसा गेला. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातल्या ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांची ग्रामीण पतपाहणी केली. तिच्या संचालन समितीचे अध्यक्ष गोरवाला, आणि सभासदांत गाडगीळ. १९५४ च्या अहवालात आकडा आला : शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सावकारांचा सुमारे ७० टक्के. यावर सहकार गुंडाळा असे म्हणणे सोपे होते. समितीने उलट सांगितले : सहकार फसला असला तरी त्याला दुसरा मार्ग नाही, म्हणून राज्याने त्यात भागीदार व्हावे, आणि कर्ज, विक्री, गोदामे, प्रक्रिया हे सगळे एकमेकांत गुंतवावे. राज्याचे भागभांडवल आणि पिकावरची प्रक्रिया, हे दोन्ही प्रवरेत तीन वर्षांपूर्वीच दिसले होते. इंपीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली, तीही याच अहवालाची परिणती. डॅनिएल थॉर्नर या अमेरिकी अभ्यासकाने मात्र देशभरच्या सहकारी संस्था हिंडून पाहिल्या आणि गावातल्या बलवानांच्या हाती सत्ता असताना सरकारी पैसा ओतल्याने सहकार उगवत नाही, अशी टीका केली. ती टीका आजही ताजी आहे. तिला नगरच्या बागायती पट्ट्यापेक्षा इतर ठिकाणी अधिक पुरावे सापडतात, एवढेच.

गाडगिळांचा दिल्लीशी वाद होता तो अवजड उद्योग हवेत की नकोत यावर नव्हता. भारतातले भांडवल मोजक्या शहरांत आणि मोजक्या समाजांत साठलेले आहे, हे त्यांनी भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावरच्या आपल्या छोट्या पुस्तकात दाखवले होते. ते १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संस्थेने प्रसिद्ध केले. अशा समाजात केंद्राने पैसा ओतला तर तो जिथे पैसा आहे तिथेच जाणार. त्यामुळे विकास विखरायचा असेल तर विखुरलेल्या जागी वाढावा धरून ठेवणारी संस्था आधी हवी. १९६७ मध्ये ते स्वतः योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. दुष्काळ, युद्धे आणि रुपयाचे अवमूल्यन यांमुळे पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे थांबलेली होती. तिथे त्यांनी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्हींवर नगरची छाप मला दिसते. राज्यांना केंद्राची मदत ज्या सूत्राने वाटली गेली ते गाडगीळ सूत्र १९६९ चे : ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचा प्रयत्न, चालू पाटबंधारे-वीज प्रकल्प, विशेष प्रश्न यांना प्रत्येकी १० टक्के. दिल्लीच्या मर्जीऐवजी ठरलेला हिशोब, हे त्याचे सार. दुसरी गोष्ट बँकांची. राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ ला झाले, आणि प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेने घ्यावी ही कल्पना गाडगिळांच्या अभ्यासगटाने त्याच वर्षी मांडली. डिसेंबरात ती अग्रणी बँक योजना म्हणून सुरूही झाली. जिल्हा हे आर्थिक नियोजनाचे एकक मानणारा हा विचार लंडनच्या ग्रंथालयात बसून सुचणारा नव्हे. ३ मे १९७१ रोजी, दिल्लीची जबाबदारी सोडून परत येताना, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

इथपर्यंतची कथा गौरवाची आहे आणि ती बहुतेकदा इथेच संपवली जाते. पण नगर जिल्हा एकसंध नाही. अकोले तालुक्याचा घाटमाथा, प्रवरा-गोदावरीचा बागायती पट्टा, आणि दक्षिण-पूर्वेला पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी असा कोरडवाहू मुलूख. दिवाळी झाली की पाथर्डी-शेवगावच्या, बीड-आष्टीच्या टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची, कारखान्याच्या आवारात कोप्या उभ्या करायच्या, पहाटे फडात उतरायचे, आणि गाळप संपून पट्टा पडला की परत. उसाच्या भावातून वाढावा सभासदाकडे जातो खरा. पण ऊस तोडणारा सभासद नसतो. त्याच्याशी कारखान्याचा थेट करारही बहुतेक नसतो, मध्ये मुकादम. प्रेबिशने केंद्र आणि परिघ अशी जगाची मांडणी केली. नगरमध्ये ती जोडी एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना, बसच्या एका दिवसाच्या प्रवासात सापडते, आणि त्यातले केंद्र सहकारी मालकीचे आहे. आर्थर लुईसचा सिद्धान्त सांगतो की शेतीतले अतिरिक्त मजूर कारखानदारीत ओढले जातात आणि अखेर मजुरी चढते. इथले मजूर दर वर्षी कारखान्यापर्यंत येतात आणि दर वर्षी परत जातात. या वर्तुळाला लुईसच्या आराखड्यात जागा नाही. गाडगिळांच्या आराखड्यातही नव्हती.

तशीच बाजूला पडलेली दुसरी मंडळी म्हणजे खंडकरी, ज्यांच्या जमिनी खंडाने कंपन्यांकडे गेल्या होत्या ते शेतकरी. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे मळे काढून घेतले. ते मूळ मालकांना परत देण्याऐवजी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. श्रीरामपूर-कोपरगावच्या शेतकऱ्यांनी आपल्याच वाडवडिलांची जमीन मागत पन्नास वर्षे काढली. २०१२ मध्ये वाटप सुरू झाले तेव्हा मूळ खंडकऱ्यांची नातवंडे रांगेत होती. भांडवलशाहीच्या विरोधात उभे राहिलेले राज्य जमीनदारीच्या जागी येऊन बसू शकते, हे शिकायला कुठल्या दूरच्या देशात जायला नको.

गाडगिळांनंतर गोखले संस्थेची सूत्रे वि. म. दांडेकरांकडे आली. संख्याशास्त्राचा माणूस, स्वभावाने तिखट. सरकारने, उद्योगाने किंवा स्वतःच्या संस्थेने मान्य केलेल्या गोष्टी पुन्हा मोजून पाहण्याची त्यांना खोड होती. १९६२ मध्ये गाडगीळ वगैरे जाणकारांच्या गटाने माणशी महिना २० रुपये हा जगण्याचा किमान खर्च ठरवला होता. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये २२५० उष्मांकांच्या आधारे हिशोब नव्याने केला : १९६०-६१ च्या किमतींत खेड्यात वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. त्याखाली खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसे. राष्ट्रीय उत्पन्न वाढले की गरिबी आपोआप ओसरते, या युद्धोत्तर श्रद्धेला भारतात बसलेला हा मोठा धक्का होता. जागतिक बँकेने डॉलरची दारिद्र्यरेषा आखली ती १९९० मध्ये. दांडेकर-रथांचा उपाय होता ग्रामीण भागात सरकारी कामे. आणि त्यांचा निबंध छापून होतो न होतो तोच १९७२ चा दुष्काळ आला. नगर, बीड, औरंगाबाद, सोलापूर इथे खडी फोडायला आणि पाझर तलाव खणायला माणसे लोटली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच मांडलेली रोजगार हमीची योजना या अनुभवातून पक्की झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने ती देशभर नेली. ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या दुष्काळनिवारणाचा अभ्यास जगापुढे ठेवला.

पण दांडेकरांचे नगरच्या दृष्टीने सर्वात बोचरे काम याहून कमी ज्ञात आहे. राज्यातल्या कालव्यांवर आठमाही पाणीपुरवठा कसा सुरू करावा, यासाठी नेमलेल्या दांडेकर-देऊस्कर-देशमुख समितीचा अहवाल १९७९ चा. बारमाही पाणी म्हणजे ऊस. तेच पाणी खरीप-रब्बीच्या आठ महिन्यांत दिले तर कितीतरी अधिक शेतांना पोचते, म्हणून पाणी आठमाहीच असावे. ज्या संस्थेच्या संचालकाने बागायतदारांच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषवले, तिचाच पुढचा संचालक त्यांच्या पाटाला कुलूप घालायला निघाला, असे तेव्हा साखरपट्ट्यात वाटले असेल तर नवल नाही. मला यात विरोध दिसत नाही. गाडगिळांनी पाण्याचा हिशोब सरकारी तिजोरीतून काढून समाजाच्या उत्पन्नात नेला होता. दांडेकरांनी तोच हिशोब पाटाच्या शेपटाकडच्या शेतापर्यंत नेला. फरक इतका की पहिल्याचे ऐकले गेले. दुसऱ्याचे नव्या प्रकल्पांच्या कागदावर ऐकले गेले आणि उभ्या उसापुढे विसरले गेले.

पुढील लेखांत या मतभेदाला मुद्दाम जागा दिली आहे. काही लेखक प्रवरेला यशाचा नमुना मानतात, काही तिला बागायतदार वर्गाच्या सत्तेचे मूळ. त्यांना एका सुरात बसवण्याचा प्रयत्न केलेला नाही. मूळ अहवालांच्या भाषेचा प्रश्नही आहेच : गाडगीळ आणि दांडेकर या दोघांचेही महत्त्वाचे लेखन इंग्रजीत झाले, आणि ज्या गावांवर ते लिहिले त्या गावांतल्या वाचनालयांत ते मिळत नाही. म्हणून लेखकांना एकच विनंती केली होती, की अहवालांतले आकडे नुसते उद्धृत न करता कसे काढले तेही मराठीत सांगावे. वाचकाने निदान कालव्यांच्या पाहणीवरचा लेख आणि आठमाही समितीवरचा लेख लागोपाठ वाचावेत. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले, आणि पुढे भंडारदरा-मुळेचे पाणी जायकवाडी धरणाला सोडायचे की नाही यावर नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा खटला उभा राहिला. त्या खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील जे मुद्दे मांडतात, त्यातले बहुतेक या दोन अहवालांत आधीच आलेले आहेत.